वर्नेलबाईंनी खोडलेला शब्द

एडिसन, न्यू जर्सी
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. थंडी ओसरली, तुझ्या पद्मिनीवहिनीचं गुडघ्याचं दुखणं ओसरलेलं नाही. दिवाळीचा तुझा एका ओळीचा मेसेज मिळाला होता. 'शुभेच्छा' शुद्ध लिहिल्या होत्यास, बरं वाटलं. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर मी हवामानाच्या पुढे गेलो नसतो.

ओक ट्री रोडवरचं माझं छपाईचं दुकान तुला ठाऊक आहे. बारावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. डिक्शनरी पाठ करून इंग्रजी शिकलो, आणि आजवर माझ्या दुकानातून एक स्वल्पविराम चुकीचा बाहेर गेला नाही. जानेवारीपर्यंत मी असंच सांगत असे.

जानेवारीत मिस वर्नेल हॉलोवे नावाच्या बाई आल्या. कृष्णवर्णीय, वय सदुसष्ट, जवळच्या प्लेनफिल्डमध्ये चाळीस वर्षांपासून हेअर सलून. इथल्या कृष्णवर्णीय बायकांमध्ये एचआयव्हीची लागण प्रमाणाबाहेर आढळते, आणि दवाखान्यात त्यांच्याशी कुणी धड बोलत नाही. म्हणून बाईंनी रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि बचाव कसा करायचा ते दर सोमवारी सलूनमध्येच शिकवायला सुरुवात केली. त्याचं पत्रक छापायचं होतं. येताना घरी केलेला रताळ्याचा पाय घेऊन आल्या. पाय म्हणजे इकडचा गोड पदार्थ, सारण भरून भाजलेला. मी दोन तुकडे खाल्ले.

मजकूर इंग्रजीत. त्यात 'एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया' असे शब्द होते. मला ते ढिसाळ वाटले. मी न विचारता 'एचआयव्हीच्या बळी' असं केलं आणि पाचशे प्रती छापून मोकळा झालो.

बाईंनी चष्मा लावला, वाचलं, आणि मला काउंटरच्या बाहेर बोलावलं.

"मिस्टर गुरू, बळी कोण गेलं? अंत्यविधी कधी आहे? मला काळ्या ड्रेसला इस्त्री करावी लागेल."

"मॅम, भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर..."

"भाषा राहू दे, हनी. माझ्याकडे बघ. बावीस वर्षं झाली मला एचआयव्ही होऊन. मी बळी दिसते?"

आणि माझ्याच पेनने तो शब्द खोडला. पाचशे प्रतींपैकी पहिल्या प्रतीवर, कागद फाटेपर्यंत.

मंजू, त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं तर मी खाल्लेले पायचे ते दोन तुकडे. खोटं लिहीत नाही.

बाईंनी ते ओळखलं असावं. म्हणाल्या, "तुमच्या भाषेत काय म्हणता तुम्ही याला?"

"आम्ही 'ते' म्हणतो," मी म्हटलं. "'त्याला ते झालंय', एवढंच."

"अरे वा. आणि ज्याला नावच नाही त्याची तपासणी कशी करता?"

मी सगळं पुन्हा छापलं आणि सोमवारी स्वतः पोचवायला गेलो.

सलूनमध्ये नऊ बायका होत्या. बाई एकीच्या बारीक वेण्या घालता घालता शिकवत होत्या. हात थांबत नव्हते आणि तोंडही नाही. ड्रायरखालच्या एक आजी म्हणाल्या, "मला काय गरज? माझा नवरा चर्चमध्ये गातो."

"गातो ते ऐकलंय मी, रोझेटा. तपासून घेतलंय का, ते विचारतेय."

सगळं सलून हसलं, आजी सगळ्यांत जास्त. त्या हशातच बाईंनी सांगून टाकलं, लागण होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी असते, ती डॉक्टरकडे आपणहून मागा. कंडोमचं बोलताना मान खाली घालू नका. आणि उपचार नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर तो शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला जात नाही. हे शेवटचं मी घरी येऊन तीन ठिकाणी पडताळलं. अक्षरशः खरं आहे. असं शिकवणं मी कुठल्या वर्गात पाहिलं नाही. अर्थात मी फार वर्गांत बसलोही नाही.

मग कोपऱ्यातल्या एका मुलीने हळूच विचारलं, "आणि कपातून?"

दोघी-तिघी हसल्या. बाई हसल्या नाहीत. "विचारलंस ते चांगलं केलंस, बेबी. कपातून फक्त कॉफी येते."

मीही हसलो नाही.

डिसेंबर २०११. राजेशरावांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्यांच्यापासून तुला लागण झाल्याचं काकूने मला आधीच कानात सांगितलं होतं. तू चहा पुढे केलास. मी म्हटलं, "आज चतुर्थी ना, उपास आहे." उपासाला चहा चालतो, मंजू. आपल्या आईचा अख्खा उपास चहावर निघायचा. आणि त्या दिवशी तृतीया होती; कॅलेंडर तुझ्या मागच्याच भिंतीवर होतं. तू "बरं, दादा" म्हणालीस आणि कप उचललास. मोरीत चहा ओतल्याचा आवाज मी ऐकला. नंतर स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरलो, 'कामाला सोयीचं पडतं' म्हणून. त्यानंतर तीनदा अमरावतीला आलो. तीनदा हॉटेल.

हे सगळं मी वर्नेलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला का सांगतोस? बहिणीचा पत्ता हरवलाय का?"

पत्ता आहे. म्हणून लिहितो. मंजुषा, तुला एचआयव्ही आहे. हे वाक्य मी चौदा वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे. तू एकटी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहून गोळ्या आणत राहिलीस, शाळेत गणित शिकवत राहिलीस, सगळ्यांच्या नजरा झेललीस आणि माझीही झेललीस. वर्नेलबाईंचं कौतुक मी इतक्या ओळी करत बसलो. ते आधी तुझं करायला हवं होतं, आणि तुझ्यासमोर.

मंगळवारी, २२ एप्रिलला सकाळी मी अमरावतीत पोचतो. हॉटेल घेतलेलं नाही. तुझ्याकडे उतरतो असं परस्पर कळवण्याचा हक्क मी गमावला आहे, म्हणून विचारतो: आठ दिवस तुझ्या घरी राहू का? नको असेल तर 'नको' एवढंच लिही. मी कारण विचारणार नाही. दारात उभा राहून तुला बघून जाईन.

तेव्हा तुला भ्यालेला,
आता तुझ्या 'नको'ला भिणारा,
तुझा दादा
गुरुनाथ