सागवानी कॅमेरा, आप्पा आणि तुम्ही

प्रिय अहो,

हसू नका. जन्मभर तुम्हाला नावाने हाक मारली नाही, मग पत्रात तरी कशी मारू?

लिहायला बसले त्याचं कारण सांगते. बाथरूममधल्या दोरीवर आत्ता एक फोटो वाळतोय आणि तो मी काढलाय. मी! लेकीला पुण्याला फोन केला, ती म्हणाली, "वा आई, मस्तच!" झालं, संपलं. पण मला हवं होतं ते माणूस, जे आधी विचारेल, "उजेड कुठून होता? किती सेकंद दिलेस?" असं विचारणारे तुम्ही एकटेच होतात.

तुम्हाला हे वेड लागलं, तेव्हा सगळं नाशिक रंगीत फोटोंच्या मागे होतं. लॅबमध्ये रोल द्यायचा आणि संध्याकाळी छत्तीस फोटो घेऊन घरी यायचं. आणि तुम्ही? अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून घरी आलात की चहा घेऊन सागाच्या फळ्या तासायला बसायचात. गावातला कुठला तरी जुना स्टुडिओ बंद होत होता, तिथल्या मालकाने तुम्हाला एक पितळी भिंग दिलं होतं. तेवढ्या भिंगासाठी तुम्ही आख्खा कॅमेरा बांधलात! बटण सापडलं म्हणून कोणी सदरा शिवायला घेतं का हो?

साधी काच घासून घासून तुम्ही दुधी केलीत, मागच्या बाजूला चित्र दिसायला. भिंग आणि काच यांना जोडणारा मधला घड्यांचा भाता मात्र माझ्या गळ्यात टाकलात. "तू ब्लाउज शिवतेस, हे तर सरळ काम आहे," म्हणालात. सरळ! काळ्या रेक्झिनच्या त्या घड्या घालताना माझी बोटं सुजली होती.

पहिला फोटो माझाच काढलात. धुऊन, छापून बघतो तर माझ्या गळ्यावरून पांढरे फराटे! चार रविवार तुम्ही लाकडाचे सांधे तपासलेत. शेवटी मीच म्हटलं, दिवा आत लावून तर बघू. दार-खिडक्या बंद करून कॅमेऱ्यात बल्ब लावला, आणि भाता सगळीकडून लुकलुकायला लागला. माझ्या मशीनच्या सुईची भोकं होती ती! मला रडू आलं आणि तुम्ही खाली बसून पोट धरून हसलात. मग शिवण उसवली, आतून काळं कापड लावलं आणि सगळा भाता चिकटवून नव्याने केला.

त्या मापाची फिल्म कुठे मिळेना. म्हणून पहिल्यापासूनच तुम्ही फोटो छापायचा कागद कापून फिल्मच्या जागी घालायचात. पण तो कागद भारी आळशी. सावलीत बसलेल्या माणसाला सात-आठ सेकंद पुतळा व्हावं लागायचं. शेजारची मुलं कुठली बसतायत? एकाला दोन नाकं, दुसऱ्याचं डोकंच गायब.

"न हलणारं माणूस कुठून आणू?" तुम्ही वैतागून विचारलंत.

मी ट्रे घासत होते, सहज बोलून गेले, "माझे आप्पा आहेत की. आपलं लग्न झाल्यापासून हललेले नाहीत."

मी चेष्टेत बोलले होते हो! जातीबाहेर लग्न केलं म्हणून ज्या वडिलांनी मला उंबरा बंद केला, आप्पा बाजारात गेले की जिथे मी चोरून मायला भेटून यायचे, त्या घरी तुम्ही पुढच्याच रविवारी कॅमेरा घेऊन निघालात. नामपूरपर्यंत एसटीत तुम्ही तो मांडीवर धरला होता आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत होते.

आप्पा ओट्यावर खाटेवर बसलेले. आपल्याला बघून त्यांनी तोंड फिरवलं. माय दारात, पदर तोंडाला लावून. तुम्ही त्या फिरवलेल्या तोंडालाच नमस्कार केलात. मग तुम्ही काहीच झालं नाही अशा थाटात अंगणात तिवई उभी केलीत, भाता ओढलात, डोक्यावरून काळं कापड घेतलंत. मला वाटलं, आता आप्पा काठी उचलतात!

पण आप्पांनी मला अहिराणीत विचारलं, "हाई काय शे?"

कितीतरी वर्षांनी माझ्याशी बोलले, तेही एका खोक्यामुळे. कापडाखालून तुम्हीच उत्तर दिलंत, "कॅमेरा आहे. तुमचा फोटो काढायचाय. पण अजिबात हलायचं नाही."

"मी काबरं हालसू?" आप्पा म्हणाले, आणि टोपी सरळ करून ताठ बसले.

तुम्ही भिंगाशेजारी उभे राहून म्हणालात, "इकडे बघा." भिंगावरची टोपी काढलीत. ते आठ सेकंद मी अजून विसरले नाही. माझे आप्पा तुमच्या दिशेने सरळ बघत होते, आणि तुम्ही त्यांच्याकडे. कुणाचीच पापणी लवली नाही.

मग आतल्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावून तुम्ही कागद धुवायला गेलात, आणि आप्पाही मागोमाग आत शिरले! दार लागलं. मी आणि माय बाहेर. आतून पाण्याचा आवाज, मग तुमचा, मग आप्पांचा, हळू. काय बोललात हो तुम्ही दोघं? मी किती वेळा विचारलं, दर वेळी "काही नाही, फोटोचं" एवढंच. आता कुणाला विचारू? आप्पाही तेच म्हणतात.

बाहेर आलात तेव्हा ओला कागद आप्पांच्या हातात होता. उलटं चित्र, पांढरी टोपी काळी, चेहरा कोळशासारखा. "मी इतला काया शे का?" त्यांनी मायला विचारलं. माय खळखळून हसली. तुम्ही समजावत होतात, याच्यावरून दुसरा कागद छापला की सगळं बरोबर होईल, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. हात धुता धुता ते मायला म्हणाले, "जवाईले वाढ."

बस, एवढंच. तुम्ही ताटावर मान खाली घालून जेवत राहिलात. तुमचे डोळे मला दिसले होते, बरं का.

त्यानंतर दर रविवारी आपली न्हाणीघराची शाळा. झिरोचा लाल बल्ब, तीन ट्रे, हायपोच्या रसायनाचा तो वास. पाहुण्यांना आंघोळीला ताटकळावं लागायचं. तुम्ही फोटो काढायचात, मी ट्रे हलवायची. कागदावर आधी डोळे उमटायचे की केस, यावरून आपण भांडायचो. पण एक विचारू? इतक्या वर्षांत एकदाही "ये, कापडाखालून तू बघ" असं का नाही म्हणालात? मीही मागितलं नाही म्हणा.

मग त्या सकाळी तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच तुम्ही गेलात. नीट निरोपही नाही. कॅमेऱ्यावर मी जुनी चादर टाकली. मोबाईलमध्येही फोटो निघायला लागले, आणि हायवेवरचा एक हॉटेलवाला दोनदा येऊन गेला, त्याला आपला कॅमेरा काउंटरवर शोभेला ठेवायचा होता. दुसऱ्या वेळी मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात पारूबाई दारात बसली. मखमलाबादहून झेंडू-शेवंती घेऊन येते ती. म्हणाली, "ताई, माझा एक मोठा फोटू काढा ना."

"अगं, हे नाहीत आता."

"भाऊ नायत, ते म्हाईत हाय. पण डबा हाय ना? आन तुमी हाय ना?"

रविवारी तिला गॅलरीत बसवलं, मांडीवर फुलांची पाटी. पहिल्यांदाच त्या कापडाखाली डोकं घातलं. दुधी काचेवर पारूबाई उलटी, फुलं उलटी, वारा आला की पाकळ्या हलतायत, आणि बाहेरच्या गाड्यांचा आवाज कुठल्या कुठे! हे इतकं सुंदर असतं? आणि तुम्ही एकट्याने बघत होतात?

पहिला कागद मी वाया घालवला. भिंगावर टोपी घालायच्या आधीच कागदापुढची उजेड अडवणारी फळी ओढली, सगळं काळं. दुसऱ्यांदा नीट केलं. मग त्यावरून छापलं, आणि ट्रेमध्ये पारूबाई हळूहळू वर आली.

आज सकाळी तिला दाखवला. तिने ओल्या कागदाला हात लावला नाही, लांबूनच बघत राहिली. मग म्हणाली, "ही तर माझी आय हाय. हुबेहूब. तिचा एक बी फोटू नव्हता माझ्याकडं." आणि डोळे पुसायला लागली. मी तिला चहा दिला. मग ती कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "उद्या माझी जाऊ यीन म्हणती. आमच्या गल्लीत लय बाया हायत. पण डबा भाऊंचा ना? त्यो वापरला तर चालन ना?"

मी तिचा रिकामा कप उचलला. सवयीने "ह्यांचाच आहे" असं ओठांवर आलं होतं.

हॉटेलवाल्याला मी नाही म्हणून कळवलंय. पारूबाईच्या जावेचा फोटो काढणार, गल्लीतल्या बायकांचेही काढणार, कागद मिळेल तोवर काढत राहणार, हे तुम्हाला माझं वचन. आणि आणखी एक. उद्या त्या जावेने विचारलं, कॅमेरा कुणाचा, तर मी सांगणार आहे, माझा आहे.

चालेल ना?

तुमचीच,
मंगल