डाव्या खांद्याची रायफल

२८ ऑगस्ट
उजव्या डोळ्यात दुसरं इंजेक्शन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरलीय, पण मधली नजर परत येणार नाही. "हळूहळू येईल का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "कडेचं दिसतंय ना, तेवढं सांभाळू."
कडेचं दिसतंय. डावा डोळा मिटून मीनाकडे पाहिलं तर तिचे कान दिसतात. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग.
शिकारीचं परमिट फ्रिजवर लावलेलं. चौदा वर्षं दर वर्षी अर्ज भरला, या जूनमध्ये लॉटरीत नंबर लागला. एक नर एल्क, सांबरासारखंच पण थोराड हरीण, १ ते ९ नोव्हेंबर. आणि जुलैत डोळ्यातली शीर तुंबली. पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. सोडलं की पुन्हा शून्यापासून रांगेत. मी एकसष्ट. पुढचा नंबर लागेल तेव्हा पंचाहत्तर.

३० ऑगस्ट
डेलकडे गेलो. शेजारी, मित्र, गुरू, सगळं तोच. तीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं. बेचाळिसाव्या वर्षी रायफल हातात धरायला शिकवली मला. डोळ्याचं सांगितलं. हळहळला वगैरे नाही. म्हणाला, "मग डाव्या खांद्यावरून मार."
गॅरेजमध्ये माझी जुनी रायफल रिकामी करून पाहिली. गाल डावीकडे टेकवला, डावा डोळा नेमाच्या दुर्बिणीला, स्कोपला, भिंतीवरचा खिळा स्वच्छ दिसला. रडू आलं, खोटं कशाला लिहू. पण बोल्ट, पुढची गोळी भरायचा दांडा, उजवीकडे. डाव्या खांद्यावर रायफल असताना तो ओढायचा म्हणजे पुढचा हात सोडायचा. नळी खाली जाते, नेम जातो. डेल म्हणाला, "पहिली गोळी चुकीची लागली तर दुसरी लगेच मारता आली पाहिजे. जखमी जनावर डोंगरात सोडून येणार आहेस का?"
नाही.
म्हणजे डावखुऱ्यांसाठी बनवलेली हवी, बोल्ट डावीकडे असलेली. आणि हलकी. जुनी स्कोपसकट दहा पौंड भरते. साखरेनं आधी डावा खांदा धरला होता, तो अजून पुरता सुटलेला नाही. आता डोळा.

६ सप्टेंबर
तीन दुकानं फिरलो. मीनानं गाडी चालवली, स्वतः बाहेरच बसली. भिंतभर रायफली, शेकडोंनी. डाव्या हाताच्या तिन्ही दुकानांत मिळून दोन.
पहिली: पोलादी, माझ्या जुन्या काडतुसाची, आठ पौंड. स्कोपचं वजन वेगळं. उचलून धरली, दहा मोजेपर्यंत खांदा थरथरायला लागला.
दुसरी: सव्वापाच पौंड! कार्बनचा दस्ता, पिसासारखी. पण मॅग्नम काडतूस, जास्त दारूचं. दुकानातला दाढीवाला खरं बोलला: "सर, ही खेचरासारखी लाथ मारते. मी स्वतः वापरत नाही."
मधलं काही? "डाव्या हातात मधलं कोणी बनवतच नाही फारसं. ऑर्डर द्या. जानेवारी."
जानेवारी!

९ सप्टेंबर
मीनाशी भांडण. इतके दिवस धुमसत होती. "अहो, हलकी हवी म्हणताय. हलकी म्हणजे धक्का जास्त. मी बावीस वर्षं फिजिक्स शिकवलंय, मला सांगू नका."
मी म्हटलं, काडतूस लहान घेईन.
"आणि तो धक्का कुठे बसणार? खांद्यावर. खांद्याला लागून गाल. गालाच्या वर तो एकच डोळा उरलाय."
ती भांडी घासत राहिली, मशीन असूनही. मग पाठमोरीच म्हणाली, "मी तुम्हाला आंधळे झालेले बघू शकणार नाही. एवढंच."

१७ सप्टेंबर
डॉक्टरांना सरळ विचारलं. मीना शेजारी बसलेली. बाईंनी डाव्या डोळ्यात थेंब घालून अर्धा तास तपासलं. कडेला डोळ्याचा आतला पडदा एका ठिकाणी पातळ आहे म्हणे. वयानं, मायनस नंबरानं होतं. आजच लेझरनं शिवून टाकला.
"शूटिंग?"
"मी हो म्हणणार नाही."
"नाही म्हणाल का?"
"तुमच्या जागी मी असते तर गेले नसते. गेलातच तर धक्का शक्य तितका कमी ठेवा. आणि प्रकाश चमकला, काळे ठिपके वाढले, कडेनं सावली आली, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."
घरी येताना हायवेवर पाऊस. मला काच कमी, वायपर जास्त दिसत होते.

२१ सप्टेंबर
सकाळी टेबलावर पाकिटाच्या मागे मीनाच्या अक्षरात गणित. रायफलचं वजन, गोळीचं वजन, दारू, वेग. तीन रांगा. आकडे डेलकडून घेतले म्हणे, मला न सांगता. जुनं काडतूस हलक्या रायफलीत: लाल फुली. मॅग्नम: दोन फुल्या. तिसरं, सात मिलीमीटरचं लहान काडतूस, सहा पौंडांच्या रायफलीत: धक्का माझ्या जुन्या रायफलीपेक्षाही कमी. खाली लिहिलंय, "दस्त्याला जाड रबर लावून आणखी थोडा कमी. माझी परवानगी आहे असं समजू नका."
पाकीट खिशात घातलं.

२ ऑक्टोबर
सात मिमी, सहा पौंड, डाव्या हाताची. कुठेही नाही. आज अकरा दुकानांना फोन केले. "लेफ्टी? नो सर." "लेफ्टी? बॅकऑर्डर." एकजण हसला.
शिवाय या राज्यात विकत घेतली तरी दहा कामाचे दिवस थांबायचं. म्हणजे फार तर पुढच्या दोन आठवड्यांत मिळाली पाहिजे. नाहीतर संपलं.
रोहनचा फ्रिस्कोहून फोन. आईनं सांगितलेलं दिसतं. "बाबा, इट्स जस्ट अ डिअर. लेट इट गो." जस्ट अ डिअर. अरे, सांबराच्या दुप्पट जनावर असतं ते. पण प्रश्न तो नाही. तीस वर्षं ऑफिसात कोणी हाक मारली तर आधी नाव दुरुस्त करून सांगावं लागायचं. डोंगरात तसं लागत नाही. वर्षातले नऊ दिवस. हे त्याला कसं सांगायचं? म्हटलं, "बघू."
वाचायला भिंग लागतंय. हे पानही भिंगातून लिहितोय. डावाही गेला तर मी काय करू? खरंच काय करू?

९ ऑक्टोबर
मिळाली!! यकिमाला, एका छोट्या दुकानात, वापरलेली. डेलनं शोधली. दोघं त्याच्या ट्रकमधून गेलो. एका डावखुऱ्या बाईची होती, तिनं शिकार सोडली. पावणेसहा पौंड, सात मिमी, बोल्ट डावीकडे. दस्ता बाईच्या मापाचा, माझ्या मापापेक्षा अर्धा इंच आखूड. डेल म्हणाला, "रबर जाड लावू, लांबीही भरेल."
खांद्याला लावली. वीसपर्यंत मोजलं. खांदा हलला नाही.
फॉर्म भरले. ताबा २४ तारखेला.

२५ ऑक्टोबर
नेमबाजीची रेंज. पाच गोळ्या, जास्त नाही, असं मीनाला वचन दिलं होतं. शंभर यार्डांवर पहिल्या दोन बाहेर, पुढच्या तीन हाताच्या तळव्यात मावतील इतक्या जवळ. धक्का खरंच सौम्य. डेलनं पाठीवर थाप मारली.
पण प्रत्येक गोळीनंतर उजवा हात आपोआप बोल्ट शोधायला जातो. एकोणीस वर्षांची सवय. बोल्ट तिथे नाही. घरी सोफ्यावर बसून रिकाम्या रायफलवर दोनशे वेळा डाव्या हातानं ओढला. मीना स्वयंपाकघरातून ऐकत होती. खट्-खट्. शेवटी म्हणाली, "जेवायला या."

२७ ऑक्टोबर
दाढी करताना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चमक. वीज चमकल्यासारखी, एकदाच. 
थकव्यानं असेल.
दुपारी पुन्हा.
डॉक्टरांचा नंबर काढला. फोन हातात घेऊन बसलो. गेलो तर त्या जाऊच देणार नाहीत. ठेवला.
मीनाला सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर
तळ ठोकला. कॅस्केड्स डोंगरांच्या पलीकडे, कोरडी थंडी. मीनानं डब्यात थालीपीठं आणि लसणाची चटणी दिलीय. निघताना डेलला म्हणाली, "यू ब्रिंग हिम बॅक." मला मफलर तेवढा गुंडाळला.
दिवसभर काही दिसलं नाही. म्हणजे जनावर. दोन चमका.

४ नोव्हेंबर
आला होता.
सकाळी आठ. दरीच्या पलीकडे, देवदारांतून बाहेर, एकटा. डेल दुर्बिणीतून कुजबुजला, "शिंगाला सहा टोकं. एकशे साठ यार्ड." रायफल सॅकवर टेकवलेली. डाव्या डोळ्यात तो पूर्ण, मानेवरची दाट लोकरसुद्धा. श्वास सोडला, गोळी सोडली. त्याच्या डोक्यावरून गेली. तो हललाही नाही! उभा, इकडेतिकडे पाहत. दुसरी मारायला पाच-सहा सेकंद होते. आणि माझा उजवा हात सुटला, बोल्टकडे गेला. जिथे बोल्ट नाही. नळी गवतात. सरळ करेपर्यंत तो झाडीत गडप.
दोन तास शोधलं. रक्त नाही, केस नाही. स्वच्छ चुकली. डेल म्हणाला, "जखमी नाही, हे चांगलं."
मी दगडावर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. ठोसा मारावा असं वाटलं त्याला.

५ नोव्हेंबर
काळे धागे. डाव्या डोळ्यात, कोळिष्टकासारखे, नजर फिरवली की मागून येतात. चमका मोजायच्या सोडून दिल्या. डेलला म्हटलं पोट बिघडलंय. तो एकटाच चढावर गेला. तंबूत पडून राहिलो. दर पाच मिनिटांनी उजवा डोळा झाकून, तंबूचा खांब सरळ दिसतोय ना ते बघत होतो.
भीती वाटते. इतकी भीती आई गेली तेव्हाही वाटली नव्हती.

६ नोव्हेंबर, दु. १२.४०
कड्यावर. सिग्नल फक्त इथेच मिळतो.
सकाळपासून डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात सावली. पापणी अर्धी मिटल्यासारखी, पण पापणी उघडी आहे. डॉक्टरांकडे फोन केला. नर्स: "किती वाजल्यापासून? आज या. जेवू नका, कदाचित आजच ऑपरेशन." मी विचारलं, संध्याकाळी सहाला आलो तर? "सर, प्रत्येक तास महत्त्वाचा."
फोन ठेवतो तोच डेल धापा टाकत वर. "सापडला. तोच. खाली झाडीत बसलाय, वारा त्याच्याकडून आपल्याकडे. तीनच्या सुमाराला चरायला उठेल, उघड्यावर येणारच." मग माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यासमोर हात धरून बोटं मोजत होतो.
"अवी, काय दिसतंय तुला?"
सगळं सांगितलं. २७ तारखेपासूनचं.
तो खाली बसला. शिवी दिली, मला की कोणाला कळलं नाही. मग म्हणाला, "घरी रेडमंडला चार तास. मी चालवतो, सामान राहू दे इथेच." मग चावी काढत, "आणि तो तीनला उठेल. हेही खरं. मी तुझ्या वतीनं मारू शकत नाही. परमिट तुझं आहे."
रायफल मांडीवर आहे. इतकी हलकी की आहे हे जाणवतही नाही. खाली झाडी दिसते, तिच्या खालचा भाग दिसत नाही. सावली तिथून वर चढतेय की मलाच वाटतंय?
डेल चावी हातात घेऊन उभा आहे. घाई करत नाहीये.
मीनाला यातलं काहीच माहीत नाही. दहा दिवस खोटं बोललो तिच्याशी. फोनला सिग्नलची एकच काडी आहे.
आधी तिला लावतो.