उरलेल्या दोन जागा

७ जानेवारी, बुधवार

कर्रर्र — खट्. कर्रर्र — खट्.

बेळगावच्या जत्रेतला लाकडी पाळणा. खालून दोन माणसं ढकलायची, आणि वर मी आणि मामाचा गुंडो एकमेकांना घट्ट धरून. आमची पेटी माथ्यावर आली की आस एकदा खट् करून थांबायचा. तेवढ्यात खाली सगळं बेळगाव दिसायचं, आणि पोट कुठे गेलं ते कळायचं नाही. शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आज तोच आवाज मनूच्या मोबाइलमधून आला.

जेवताना तिने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. म्हैसूर रोडवरचं मोठं पार्क. एक गाडी रुळावरून उभी चढते आहे, खालून साखळी ओढते आहे — कर्रर्र. "अज्जा, चोवीस तारीख मोकळी ठेव. आपण जायचं. फक्त मोठ्या राइड्स. लहान पोरांच्या नाही."

माझ्या सगळ्याच तारखा मोकळ्या असतात. तिला ठाऊक आहे. मग असं विचारून का ठेवते?

आणि दुसरं — इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी, पंचविशीची मुलगी. मैत्रिणींचा तोटा नाही. तिला पाळण्यात बसायला एकाहत्तर वर्षांचा आजोबाच का हवा?

मी "सरी" म्हणालो. आवाज ऐकल्यावर नाही म्हणवेना.

८ जानेवारी, गुरुवार

बेत ऐकला. पार्काचा नकाशा तिने जेवणाच्या टेबलावर पसरला होता. फाटक उघडायच्या आधी तिथे पोचायचं. आत शिरल्यावर सगळी माणसं पहिल्याच पाळण्यापाशी थांबतात, आपण थांबायचं नाही. सरळ पार मागच्या टोकाला जायचं आणि तिथून उलटं पुढे यायचं. मोठं सगळं जेवणाआधी उरकायचं. इतर लोक रांगेत उभे असताना आपण लवकर जेवून घ्यायचं, म्हणजे तिथेही गर्दी नाही. पोट भरल्यावर फक्त पाण्यातलं. चष्म्याला मागून दोरी. दातांची कवळी डबीत.

गनिमी कावा म्हणतात तो हाच.

मला ती उभ्या चढाची गाडी पाहून मंदाक्रांता आठवली. भीमाचार्य मास्तर हाताने टेबलावर ताल धरून शिकवायचे. आधी चार गुरू — सावकाश, जड, एकेक पायरी. मग थांबा. मग पाच लघू एका दमात — घसरलंच! आणि पुढे वळणं घेत घेत ओळ संपते. मनूला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "अज्जा, हे मी तिथल्या माणसाला सांगते, पाटी लावेल."

हसलो. पण मग विचारलं, एवढा गर्दीचा धाक आहे तर मधल्या वारी का नाही जायचं? चोवीसला शनिवार, सोमवारी सव्वीस जानेवारी. सगळं बेंगळुरू तिथे लोटणार.

"लाँग वीकेंडला मजा असते."

गर्दी चुकवायचे इतके डावपेच, आणि दिवस निवडला सगळ्यात गर्दीचा. हे जुळत नाही. गर्दीत मजा असते ती एकाच माणसाला — ज्याला कुणी पाहू नये असं वाटतं त्याला.

१० जानेवारी, शनिवार

तळ्याकाठी देवाप्पाला सांगितलं. शेजारी आहे, निपाणीकडचा, बोलायला फटकळ. सगळं ऐकून घेतलं आणि बाकावर मांडी घालून बसला.

"राव, म्हाताऱ्याला कोण पाळण्यात नेत न्हाई. म्हाताऱ्याला देवाला नेत्यात, न्हाईतर दवाखान्यात. पोरगा हाय यात."

"कशावरून?"

"माझ्या पुतणीनं मला असंच पिच्चरला नेलं. काका, तिकीट जास्तीचं हाय, चला म्हणली. बाजूच्या खुर्चीवर एक पोरगं. मला पॉपकॉर्न दिलं, पाणी दिलं. मध्यंतरात पाया पडलं. आता जावई हाय आमचा."

"आणि पिक्चर?"

"पिच्चर बेकार. पोरगं बरं."

घरी येऊन पंचांग चाळत बसलो. त्यात काय सापडणार?

१३ जानेवारी, मंगळवार

ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं नाही — निदान पहिलं वाक्य तरी. मनू गॅलरीत फोनवर होती. "एका रांगेत चौघं बसतात ना? मग बरोबर. एकत्रच चढू."

आम्ही दोघं. मग उरलेल्या दोन जागा कुणाच्या?

मग पुढे: "साडी नाही चालणार वर. ओढणीपण नाही. त्यांच्याकडे पंजाबी ड्रेस असेल तर बघ. नाहीतर आपण घेऊ."

मी पाण्याचा तांब्या भरत होतो, तो भरून वाहायला लागला. पोरगा साडी नेसत नाही. म्हणजे पोरगा आणि वर त्याच्या घरची कुणी बाई. म्हणजे हे पाहणं आहे. पोह्यांच्या ताटल्यांऐवजी पाळणे. मुलगी पाहायला आले आहेत ते मुलीलाही ठाऊक, मुलालाही ठाऊक, आणि मी तिथे चष्म्याची दोरी बांधून, कवळी डबीत ठेवून बसलेलो!

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. मनूने एळ्ळु-बेल्ल्याची, म्हणजे इकडच्या तीळगुळाची, पुडी हातात दिली. "गोड बोल, अज्जा."

बोललो. विचारलं काहीच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

मला दवाखान्यात नेलं. पार्कात बीपी आणि हृदयाच्या माणसांना मोठ्या पाळण्यात बसू देत नाहीत, म्हणून आधी खात्री. पट्ट्या लावल्या, कागद निघाला, डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापेक्षा माझं बीपी जास्त आहे." मी खूश.

मनू मात्र उठेना. "आणि डॉक्टर, एखादी गोष्ट अचानक कळली तर — म्हणजे — अचानक खाली आलं तर?"

डॉक्टरांनी पाळण्याचं उत्तर दिलं. मी मनूकडे पाहत होतो. तिचे कान लाल झाले होते. चौथीत असताना शाळेची काच फोडून आली होती, तेव्हा झाले होते तसेच.

त्या दिवशी घरी येऊन दप्तरही न काढता तिने मला सांगितलं होतं. सुमंतच्या बँकेच्या बदल्या चालू असायच्या, म्हणून तो आणि सूनबाई तिला माझ्याकडे ठेवून गेले, आणि ती इथेच वाढली. आईबापाला नंतर, अज्जाला आधी — असा तिचा रिवाज. गणितात नापास झाली ते मला आधी. पहिली नोकरी लागली ते मला आधी. सुमंतला फोन लावायच्या आत तिने मला स्वयंपाकघरात गरगर फिरवलं होतं. माझी बायको नीरजा गेली त्या वर्षी मला रात्री झोप लागायची नाही. ते घरात एकट्या मनूला कळलं होतं.

पोरगा असेल तर असू दे. मी काही वाघ नाही. पण आज डॉक्टरला विचारते आणि मला सांगत नाही. हा रिवाज मोडला असेल तर मग या घरात मी कोण? भाडं न देणारा भाडेकरू.

१९ जानेवारी, सोमवार

परीक्षा पाहिली तिची. चहा घेताना सहज म्हटलं, "मनू, मी नाही येत. गुडघा दुखतो. तू मैत्रिणींबरोबर जा."

तिचा कप हातातच राहिला.

"स्वल्प दुखतोय की खूप?"

"स्वल्प."

"मग येशील. अज्जा, तू नसशील तर जायचंच कशाला? तू नाही तर काहीच नाही."

हे बोलताना डोळ्यांत पाणी. पाळण्यासाठी कुणी रडतं? ऑफिसच्या बसचा हॉर्न वाजला म्हणून सुटली.

मन भरून आलं. पण नंतर, भांडी विसळताना, वाटलं — ही माझी माया, की माझ्यावाचून त्यांचा बेत फसतो? दोन्ही खरं असू शकतं. तोच तर त्रास.

२१ जानेवारी, बुधवार

ट्रॅक पँट घेतली. निळी. आरशात मी कुणा रिटायर्ड फुटबॉलच्या पंचासारखा दिसतो.

देवाप्पा म्हणाला, सराव पाहिजे. त्याच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत मला बसवलं, मागून खुर्ची कलती केली आणि म्हणाला, "आता आरडा." मला ओरडता येईना. शेवटी गळ्यातून मंदाक्रांताच निघाली, चार गुरू, आणि पाचव्या अक्षराला देवाप्पाचा हात सुटला. खुर्ची धुणं वाळत घातलेल्या दोरीवर अडकली म्हणून वाचलो. देवाप्पा बेडशिटात.

बेडशिटातूनच म्हणाला, "राव, सरळ विचारा की पोरीला."

"तिने सांगायला हवं. मी विचारलं तर ते सांगणं होत नाही."

"तुमचं पुस्तकातलं असतंय सगळं."

२२ जानेवारी, गुरुवार

हुबळीहून सुमंतचा फोन. त्याला चाचपून पाहिलं: मनू शनिवारी पार्कात कुणाबरोबर जाते आहे, ठाऊक आहे का?

"तुमच्याबरोबर ना? अण्णा, तुम्ही आपले बाकावर बसा, पिशव्या सांभाळा. नसतं धाडस नको." मग आवाज खाली आणला. "बरं, ऐका. इथे एक स्थळ आलंय. मुलगा इंजिनियर, घर आपल्यातलंच, ओळखीचं. उगादीला मनूला बोलावून दाखवतो. तारीखही जवळजवळ ठरल्यासारखीच. पण तिला इतक्यात काही बोलू नका, उगीच फाटे फोडेल."

"तिला न विचारता ठरल्यासारखी?"

"अण्णा, तुमच्या लग्नात तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी ती आली, बूट काढता काढता म्हणाली, "बाबांचा फोन होता ना? काय म्हणत होते?"

"काही नाही. थंडी आहे म्हणाला."

पंधरा दिवस तिच्यावर पाळत ठेवतो आहे, आणि घरात खोटं बोलणारे आता दोघं झालो. ती माझ्यासमोर बसून पिशवी भरत होती — टॉवेल, टोप्या, माझ्या गोळ्या. दोनदा मान वर केली, काहीतरी बोलेल असं वाटलं. मीही दोनदा तोंड उघडलं. मग तिने विचारलं, "सॉक्स जाड की पातळ?"

"पातळ," मी म्हणालो.

उद्याचा दिवस मध्ये आहे. परवा त्या रांगेत उरलेल्या दोन जागांवर कोण येऊन बसतं ते पाहायचं. त्या माणसांनी गोड हसून नमस्कार केला तर मी काय करायचं? सुमंतला काय सांगायचं? मुलगी माझ्या भरवशावर ठेवली आहे त्याने.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी बेल वाजली. मनू कामावर. मला वाटलं कुरिअर.

दारात एक बाई. माझ्याच वयाची, हिरवं इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरलेली. दमलेली होती.

"विश्वेश्वरराव तुम्हीच न्हवं? मी ठकुबाई. बोम्मसंद्राहून आले. तीन बशी बदलल्या. लई लांब ऱ्हाता तुम्ही." श्वास घेतला. "प्रणीत माझा नातू. आईबाप न्हाईत त्याला, मीच वाढवला. उद्या पाळण्यात तुमच्या शेजारी मला बसवणार हायत."

मी चष्मा वर सारला.

"मला कायतरी वास आला, म्हणून परवा मी पोराला सरळ इचारलं. त्यानं सरळ सांगितलं. लगीन झालंय त्यांचं. गेल्या महिन्यात, सरकारी हापिसात, सह्या करून. हुबळीला कायतरी जमवाजमव चालल्याली पोरीच्या कानावर आली, तवा घाबरली म्हणं."

दाराची कडी माझ्या हातात होती. तीच धरून राहिलो.

"अजून कुणाला सांगितलं न्हाई पोरीनं. तिच्या आईबापालाबी न्हाई. माझ्या नातवाला शपथ घातलीया — आधी माझ्या अज्जाला सांगणार, मग दुनियेला. पण तोंडावर सांगायचा धीर हुईना. म्हणून उद्या वर नेऊन सांगणार. पट्टा बांधल्यावर. तितनं कुणाला उठून जाता येत न्हाई म्हणं."

आणि मग खाली पाहून, हळू:

"मला कळलं तवा माझं पाय जमिनीवर होतं. तुमचंबी असावंत, म्हणून आले. उद्या ती सांगंल तवा मात्र पैल्यांदा ऐकताय असंच ऐका. तेवढं राखा तिचं."

तिने डबा पुढे केला. तिळाचे लाडू. रथसप्तमी व्हायची आहे अजून.

काय नात्याने बोलवायचं ते सुचेना. सुमंत समोर असता तर मला पुढचा शब्द उच्चारू दिला नसता. पण तो हुबळीत होता, आणि बाई अजून उन्हात उभी होती.

मी दार पूर्ण उघडलं. म्हटलं, "या, विहीणबाई."