भिंतीपलीकडचं थोपटणं

सोमवार
आले बाई एकदाची. नातीनं दारातच मिठी मारली आणि म्हणाली, आजी, आता महिनाभर हलायचं नाही. मी कशाला हलतेय! ही या हॉटेलची मॅनेजर, शनिवारी उद्घाटन, नवरा बोटीवर, आणि पदरात चार महिन्यांची ठकी. पणतीला सांभाळायला मी. इमारत माझ्या आजीहून जुनी, पण अशी नटवलीय की हात लावायला भीती वाटते. नळ कसा सोडायचा कळेना. हात नुसता पुढे केला तर पाणी आलं. मी दचकून नळालाच सॉरी म्हटलं. आमच्या खोलीत एक भिंत मुद्दाम उघड्या विटांची ठेवलीय. आमच्या घरी अशी असती तर लोकांनी नावं ठेवली असती, इथं म्हणे पाहुणे तिचे फोटो काढणार.

ठकीला दोन हलक्या, एक जड अशी थाप लागते. माझ्या आईची पद्धत. डोळा लागला की शेवटी तळवा जरा दाबून ठेवायचा आणि अलगद काढून घ्यायचा. झोपली लबाड.

मंगळवार
शेजारीही लेकरू आहे वाटतं, इथं काम करणाऱ्या कुणाचं तरी. दुपारी विटांपलीकडून थोपटल्याचा आवाज आला. पण काय ते थोपटणं! जशी कणीक तिंबतेय. मला राहवेना. भिंतीवर हातानं दाखवलं, बाई गं, असं. मग पलीकडून तसंच आलं, पण चुकत. पुन्हा दाखवलं. शेवटी अगदी बरोबर जमलं तिला. इतकं बरं वाटलं! हल्लीच्या पोरींना दाखवायला कुणी नसतं, त्या तरी काय करतील.

बुधवार
ठकीला आता माझा हात लागत नाही. पलीकडची थाप सुरू झाली की हिचे डोळे मिटतात. मी आयती बसून चहा पिते. शेजारणीला भेटावं म्हणून बाहेर गेले, तर भिंतीपलीकडे दारच नाही. जिन्याशी काम करणाऱ्या गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, मागे एक चिणलेली खोली आहे, फोडली तर छत खाली येईल म्हणून तशीच ठेवली. पूर्वी इथं टाकून दिलेली पोरं आणायचे. त्यांना निजवणाऱ्या बाईच्या हाताला मोठा गुण होता म्हणे, एक पोर रडायचं नाही. मग हसून म्हणाला, "उठायचंही नाही, आजी."

मला हसू आलं नाही.

गुरुवार
पाळणा दुसऱ्या भिंतीला लावला. थाप तिथून आली. ठकीला बागेत नेलं तर रडून रडून काळीनिळी, खोलीत आणताच गप्प. दुधालाही उठत नाही. डॉक्टर म्हणतात, बाळ ठणठणीत आहे. नातीपुढे हात जोडले, हिला घेऊन आजच निघू. ती बिचारी उभ्या उभ्या पेंगत होती. म्हणाली, "आजी, लोकांची पोरं झोपत नाहीत म्हणून आया रडतात. तू ही झोपते म्हणून रडतेस?"

काय सांगू तिला? मीच शिकवलं म्हणून?

शुक्रवार
ठकीला थोपटून बघितलं. तिनं तोंड फिरवलं. भिंतीकडे.

भिंतीवर उलटंसुलटं बडवलं, वाटेल तसं, पलीकडचीचं बिघडावं म्हणून. तळवे सोलले. ती चुकत नाही. आता माझ्याहून छान—

नात म्हणते, उद्याचं उद्घाटन होऊ दे, मग बघू. मग कधी?

शनिवार
भर दुपार. खाली पाहुणे, गाणी. नात फोन उचलत नाही.

ठकीला उचलून दाराकडे निघाले, पाय जड झाले. पलंगावर टेकले ती उठवेना. ठकी मांडीवर. थाप आता माझ्याही पाठीवर. झोपू नये म्हणून लिहितेय. आईचाच हात वाटतो गं— किती वर्षांनी— नाही. नाही.

ठकीला चिमटा काढला. हलली नाही. श्वास आहे. आहे.

दोन हलक्या, एक जड. दोन हलक्या—

हळू होत चाललंय. ठकीच्या पाठीवरचं झबलं दबलंय, तळव्याएवढं. दाबून ठेवलंय.

काढू नकोस हात. बाई, पाया पडते, थांबू नकोस, अजून जागी आहे ती, थोपट, अजून थोप—