माळ्याला फळ्या ठोकते आहे

३ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू मला न विचारता धाडलेलं गिऱ्हाईक काल दारात उभं राहिलं. माणूस भला होता, जोडे काढून आत आला. त्याला पाणी दिलं, घर विकायचं नाही असं सांगितलं आणि वाटेला लावलं. मी जिवंत असताना माझं घर विकायला काढणारा तू कोण रे? तुझे दाजी गेले म्हणजे मीही गेले असं नाही.

थंडी माझ्या छातीला बाधते असं डॉक्टर म्हणाले आणि तेच धरून तू मला तुझ्याकडे बोलावतोस, हे खरं. पण ही थंडी भिंतींतून येत नाही, डोक्यावरून येते. माळा उघडाबोडका पडलाय. खोल्या कितीही तापवा, ऊब वर चढते आणि कौलांच्या फटींतून पसार होते. म्हणून ठरवलंय, माळ्याच्या तुळयांमध्ये ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, भरायचं आणि वरून फळ्या ठोकायच्या. बाबांच्या गादीच्या दुकानाचं सामान, ती पिंजणी, दाभणं, गादीपाटाचे तागे, सगळं आज दोन तुळयांवर कसंबसं तोललेलं आहे. त्यालाही पायाखाली जमीन मिळेल.

हिंमत असेल तर पैज लाव. कडाक्याच्या थंडीत ये आणि चार दिवस राहा. कुडकुडलास तर मी निमूट गाठोडं बांधून तुझ्याकडे येईन. नाही कुडकुडलास तर विक्रीचं नाव पुन्हा काढायचं नाही. उत्तर धाड, टाळाटाळ नको.

तुझी हट्टी
ताई

१२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं तेच कळेना. वय काय, करतेस काय! शिडीवरून पडलीस तर उचलायला कोण आहे तिथे? इकडे मुलगी सासरी गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे. तुझ्यासाठी रंग देऊन घेतलाय. माझी ही वारल्यापासून मी एकट्यापुरता स्वयंपाक करायला शिकलोच नाही, रोज निम्मं टाकून देतो. तू आलीस तर निदान भांडायला कोणी असेल.

पैज मान्य. तू हरणार हे ठाऊक आहे म्हणून मान्य. आणि भरतेसच आहेस तर नीट ठासून भर. ज्या गादीत बोट रुततं ती गादी कच्ची, असं बाबा सांगायचे. भुसभुशीत ठेवलंस तर दुकानाचं नाव घालवशील.

शिडीवर चढताना चप्पल काढत जा. राग धरू नये.

तुझा धाकटा

२० डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद, आज जरा कमीच.

तुझ्या सल्ल्याला आग लागो! तोंडाला फडकं बांधून, अंगभर खाजवत, मी ते ग्लासवूल दोन-दोन थर घालून भरलं. गुडघ्यांनी दाबलं. वर फळ्या ठेवून खिळे ठोकले आणि त्यावर उभी राहून म्हटलं, बघा बाबा, बोट रुतत नाही! मग थंडी पडली. छताला हात लावला तर बर्फ. मी पलंगावर दोन पांघरुणं घेऊन बसले आणि तुला शिव्या घातल्या.

एक फळी उखडून पाहिली तर आत नुसती चपटी चिंधी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अरे, बसलेल्या गाद्या लोक आपल्याकडेच आणायचे ना? थंड लागते, कापूस पुन्हा पिंजून द्या म्हणायचे. फुललेला कापूसच ऊब धरतो, कारण त्यात हवा अडकलेली असते. आपण गादी टिकावी म्हणून ठासतो, आणि मी मूर्खासारखी तेच इथे केलं. जन्मभराचा धंदा, आणि असं तोंडावर आपटले!

पण हरले असं समजू नकोस. सगळ्या फळ्या काढल्या. दबलेला माल फेकला, नवा आणून हलक्या हाताने अंथरला. तुळयांवर आडव्या रिपा ठोकून फळ्या उंच उचलल्या, म्हणजे लोकरीला अंग पसरायला जागा राहिली. माळ्याच्या झडपेलाही वरून अस्तर लावलं. वळचणीची फट मात्र मोकळी ठेवलीय, वारा खेळला नाही तर ओल धरून फळ्या कुजतील. पाठ मोडलीय, पण मी मोडले नाही. आता तू यायचंस.

ताई

९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चार दिवस तुझ्याकडे राहून सुखरूप घरी पोचलो. पैज हरलो, लिहून देतो. पहिल्या दिवशी मी स्वेटर काढला तो तू पाहिलास आणि नुसती हसलीस. ते जास्त लागलं. माळ्यावर गेलो तर तोंडातून वाफ निघत होती आणि खाली तू उघड्या हातांनी शिवत बसली होतीस. बाबांचं सामान ओळीने मांडलेलं बघून बरं वाटलं.

पण पैज घराची होती, तुझ्या वयाची नव्हे. पुढच्या वर्षी काय? खोली तयारच आहे. काल कुलूप उघडून आत आलो आणि दिवा न लावताच बसून राहिलो. तेवढा विचार कर.

तुझा धाकटा

१६ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं आणि रडले. मग डोळे पुसले आणि रागावले. अरे गाढवा, वर्षभर माझ्या छातीचं नाव पुढे करत होतास! ताई, मला एकट्याला घर खायला उठतं, एवढं सरळ म्हणता येत नव्हतं का? मी काय परकी आहे? लहानपणी अंधारात माझा पदर धरून चालायचास, तेव्हा नाही लाज वाटली ती.

तरी मी येणार नाही. हे छत मी दोनदा भरलंय, माझ्या हातांनी. या घरात मला कोणी आणून ठेवलेलं नाही, मी इथे राहते. तुझ्या घरी मात्र मी ठेवलेली असेन, रंग दिलेल्या खोलीत, औषधांच्या वेळा पाळत. ते मला जमायचं नाही. तुझा जीव तुटतो हे कळतं, माझाही तुटतो, पण त्यासाठी मी वाकणार नाही.

तूच ये. पाहुणा म्हणून नव्हे, राहायला. भांडायला मी आहे, खालच्या खोल्या उबदार आहेत, आणि तुझं सामान मावेल एवढा माळा मजबूत केलाय.

लोभ आहे, म्हणून तर ओरडते.

ताई

ता. क. घर विकायचा एवढाच सोस असेल तर तुझं विकायला काढ.