बाबांच्या गुडघ्याची साक्ष

आदरणीय महादूकाका,

आमच्या सगळ्यांकडून मिळून एक नमस्कार (बाबांचा त्यात धरू नका, त्यांना विचारलेलं नाही). काकींचा खोकला गेला असेल आणि कसालच्या दुकानावर नवे पत्रे चढले असतील असं धरून चालते. तुमचे डोळे कसे आहेत? बाबा कायम म्हणतात, "महादूक समोरचा दिसणा नाय," म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय. फोनच केला असता, पण बाबांच्या मते आमचा फोन कोणीतरी ऐकतं. कोण, ते सांगत नाहीत. तेसुद्धा कोणीतरी ऐकेल म्हणून.

तुम्ही दोघं एकाच पलटणीतले, त्यामुळे कानावर आलंच असेल की बाबांनी गुडघ्यासाठी अपंगत्व पेन्शनचा अर्ज केलाय. चौदा महिने झाले. पेन्शन मिळेल तेव्हा मिळेल, त्यांचा जीव अडकलाय तो एका ओळीत: 'दुखापत ड्यूटीवर असताना झाली.' ते पत्र फ्रेम करून लावायचं म्हणून पडवीत खिळासुद्धा मारून ठेवलाय. सध्या त्याला बाजाराची पिशवी लटकते.

या चौदा महिन्यांत बाबांची खात्री पटलीय की पाय खरंच दुखतो का हे बघायला वरून माणसं पाठवतात. मासे विकणारी सीता दारात बसून सहज म्हणाली, "पाय काय म्हणता?" झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बांगडे दुसरीकडून घेतो. सायकल बंद, माळ्यावर चढणं बंद. काका, ते खरंच लंगडतात हो. पण कोणी बघतंय म्हटलं की जरा जास्त लंगडतात, त्यामुळे खरं लंगडणंही खोटं वाटायला लागलंय. (परवा डाव्या पायाने लंगडत होते. आईने भाजी निवडता निवडता नुसतं "उजवो" म्हटलं.) वाईट म्हणजे याची लागण होते. आता रस्त्यात कोणी गाडी थांबवली की आधी मी नंबर बघते.

त्यात यंदा गावपळण आली. आचऱ्यासारखी आमच्या गावातही आहे, तुम्हाला ठाऊकच. देवाने कौल दिला की कोंबड्या-कुत्र्यांसकट सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं, तीन दिवस तीन रात्री, मागे कोणी राहायचं नाही. बाकी लोक माडाच्या चुडतांच्या झोपड्या घालून मजेत होते, पत्ते, भजनं, तिखट रस्से. बाबा मात्र वेशीकडे तोंड करून बसलेले. गाव रिकामा असताना पत्र आलं तर?

आणि आलं. तिसऱ्या दिवशी हेल्मेटवाला एक माणूस शेतातून गाडी घालत आमच्या झोपडीकडे यायला लागला. बाबा ताबडतोब चटईवर आडवे होऊन कण्हायला लागले. हेल्मेट निघालं तर आतून आमचा पोस्टमन दीपेश.

"काका, रजिस्टर आसा तुमचा. गावात कोण नाय, म्हटलंय हयसरच देवया."

बाबांचं कण्हणं थांबलं. "हयसर सही केलंय तर उद्या म्हणतले, हो माणूस दिलेल्या पत्त्यार रवताच नाय. घराकडे घेवन ये."

"घराकडे तुम्ही नाय. थंय कोणाक देव मी?"

"ता देवाक इचार. त्यानाच भायर काढल्यान आमका."

चौदा महिने ज्या पाकिटाची वाट बघितली ते दोन हातांवर होतं, आणि बाबांनी ते परत पाठवलं. गाव भरल्यावर दीपेशने ते घरी आणून दिलं तेव्हा बाबांनी डिंक उजेडात धरून तपासला. वाफेवर उघडलं असेल म्हणे. दीपेश आता आमच्याकडे पाणी पीत नाही.

आत काय होतं सांगते. अर्जात बाबांनी लिहिलं होतं की दरड कोसळली, दोघांना ओढून काढताना गुडघा गेला. (भाषा मी सुधारून दिली होती. दरडीचा आवाज माझा.) पत्रात लिहिलंय की त्या दिवशी तिथे दरडीची नोंदच नाही, इस्पितळाच्या कागदावर 'व्हॉलीबॉल, पलटणीच्या दोन कंपन्यांमधला सामना' असं आहे, तर खुलासा करा. बाबा म्हणाले, कागद बदलले. मीही तासभर तेच मानलं, एवढी लागण झालीय. मग आई तांदूळ पाखडताना म्हणाली, "दरड बिरड काय नाय गो. चेंडू मारूक उडाले नि महादूभावजींच्या पायार पडले. गावात सांगूक लाज वाटली, म्हणान दरड."

तर एकंदरीत आम्ही खुशाल आहोत. काकींना नमस्कार सांगा.

तुमची,
संचिता

ता. क. खुशाल नाही. खुलाशाबरोबर सामन्यात हजर असलेल्या सोबत्याचं लेखी निवेदन लागतं, तीस दिवसांत, त्यातले अकरा गेले. मी नियम वाचलाय: पलटणीने लावलेल्या सामन्यात लागलं तर ते ड्यूटीवरच धरतात. म्हणजे पहिल्यापासून खरं लिहिलं असतं तर ती ओळ मिळाली असती. जाळीपलीकडे तुम्ही होतात. जे झालं ते लिहून द्याल का? फॉर्म सोबत आहे.

ता. क. २. बाबांना यातलं काही माहीत नाही. हे पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलंय, उद्या पोस्टात टाकते.

ता. क. ३. महादू, तांदळाच्या डब्यात चिठी कोण ठेवता? वाचलंय सगळा. दरड मी काढून टाकतंय. साक्ष लिव. पण लिवतलंस तर पुरा लिव, बॉल लायनीच्या आत होतो. तीस वर्सां तू भायर म्हणतंस. तसाच लिवतलंस तर ऱ्हवांदे, माका पेन्शन नको. गुरुदास.

ता. क. ४. काका, अक्षर उगाच मोठं काढलं, तुमचे डोळे चांगले आहेत, 'दिसणा नाय' ते त्या बॉलपुरतं, हे आत्ता कळलं. फॉर्मवर बॉलसाठी रकाना नाही. खाली 'इतर माहिती' म्हणून दोन ओळी आहेत. एकीवर तुम्ही 'बाहेर' लिहा, दुसरी बाबांसाठी रिकामी ठेवा. सही मात्र तुमच्याच पत्त्यावर करा.