सगळ्या बायकांना बसवलेले हात

शिवाच्या आईस,

तू जाऊन वर्ष होत आलं आणि पत्र आत्ता लिहितोय. राग मानू नको. माझी शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली, तीही अर्धवट. मराठी लिहायला बसलो की जीव घाबरतो. पण आता गप्प बसवत नाही. तुझ्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला शिवाने तुझा मोठा फोटो करून आणलाय.

तोंड तुझंच आहे, त्याच्या लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून उचललेलं. मानेखालचं सगळं लातूरच्या स्टुडिओतल्या पेंटरने मनाने काढलंय. आणि मांडीवरचे ते हात! गोरे, गुळगुळीत, नखं लाल. शिसारी आली बघ. कुणी परकी बाई तुझ्या मांडीवर हात टाकून बसलीय असं वाटतं. त्या खोलीत मला घास उतरत नाही.

एस.टी.ने लातूरला गेलो. जिल्हा झाल्यापासून तो पेंटर कचेऱ्यांच्या पाट्याच रंगवतोय. ब्रश न थांबवता म्हणाला, "मामा, सगळ्या बायकांना आम्ही हेच हात बसवतो. आजवर कुणी न्हाई म्हणलं न्हाई."

सगळ्या बायकांना! थू!

घरी येऊन नातीची पेन्सिल घेतली. वांग्याला पाच मिरच्या बांधल्यासारखं काहीतरी निघालं. त्याचीही किळस आली. शिवा म्हणतो, "आप्पा, लोक तोंड बघतेत. हात कोण बघतंय?"

मी बघतो ना!

मग बाजारात बसून बायांचे हात न्याहाळू लागलो. तुला जन्मभर बांगड्या भरणारी रहीमाबी खेकसली, "आप्पा, ह्या वयात टक लावून काय बघायलाव?" कागद दाखवला तर हसून हसून तिला ठसका लागला. "ह्यो हात हाय व्हय? बोटं मागून काढा. आधी पंजा बघा की!" आणि स्वतःचा हात बांगड्यांच्या पेटीवर ठेवून बसली.

रोज तोच काढला. चार बोटं एका रेघेतून फुटत नाहीत. अंगठा बाजूने, खालून निघतो. जन्मभर असल्या हातचं जेवलो, आणि हे आत्ता कळलं! आता हात हातासारखा येतो. पण तो रहीमाबीचा. तुझा कुठे?

दुष्काळात खडी फोडताना तुझ्या डाव्या अंगठ्यावर हातोडा बसला, तो वाकडाच राहिला. कुठल्या बाजूला? शिवा म्हणतो आत, सून म्हणते बाहेर. रहीमाबी म्हणते, "मला कसं ठावं? तिथं हात लागला की शिव्या द्यायची ती!" तूही कशी गं, फोटोवाला दिसला की हात पदराआड! कशाची लाज होती?

ते लोण्याचे हात मी दाढीच्या पत्तीने खरवडून काढणार आणि तिथे तुझेच काढणार. तोवर त्या फोटोला हार घालू देणार नाही, शिवा कितीही चिडो. शब्द देतो.

सोमवारी तुझ्या वर्षश्राद्धाला पाहुणे येतील. स्वप्नात ये, नाहीतर सुनेच्या स्वप्नात जा, पण तेवढं लवकर कळव. अंगठा आत होता की बाहेर?

तुझी वाट बघणारा,
शिवाचा बाप
अहमदपूर